दरवर्षी अर्धा संघ बदलतो, मग कॉलेज फुटबॉल चालतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुतण्या ओहायोत शिकायला गेल्यापासून तुम्ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या शनिवारच्या मॅचेस बघायला लागलात. एका हंगामात एका जर्सीत बघितलेला क्वार्टरबॅक (बॉल फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) पुढच्या हंगामात भलत्याच जर्सीत दिसतो, त्याला लाखो डॉलर मिळाल्याच्या बातम्या येतात. कॉलेजला हे झेपतं कसं, आणि आयपीएलसारखा सरळ लिलाव का करत नाहीत?

मी मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बारा वर्षं आहे. सुरुवात पोरांच्या अभ्यासाची क्रेडिट्स मोजण्यापासून झाली. आता रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) आणि त्यामागचा पैसा, दोन्हींचे कागद माझ्या टेबलावरून जातात. आम्ही मोठ्या चार कॉन्फरन्सपैकी, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांपैकी, एकीतही नाही. ओहायो स्टेट किंवा टेक्सासचा माणूस याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देईल, हे आधीच सांगतो.

तुम्ही पैशाबद्दल विचारलंत, पण खरं घोडं अडतं ते दुसरीकडे. महागडे खेळाडू सगळ्याच व्यावसायिक लीगमध्ये असतात. पण तिथे खेळाडू कराराने बांधलेला असतो. इथे आता पगार व्यावसायिक झाला आणि बांधिलकी विद्यार्थ्याची राहिली, म्हणजे सेमिस्टर संपलं की सामान बांधायला मोकळा. १०५ जणांचा संघ, आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण दर जानेवारीत जाऊ शकतो, असं गृहीत धरूनच काम करावं लागतं.

हे एका रात्रीत झालं नाही. पूर्वी शाळा बदलायची तर जुन्या कोचची परवानगी लागायची आणि नव्या ठिकाणी बहुधा एक वर्ष बाकावर काढावं लागायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, ट्रान्सफर पोर्टल सुरू केलं. पोर्टल म्हणजे मुळात एक यादी. त्यात नाव टाकलं की बाकीची कॉलेजं तुमच्याशी बोलू शकतात, परवानगीचा प्रश्न नाही. मग २०२१ मध्ये सगळं एकदमच अंगावर आलं. एप्रिलमध्ये एकदा बाकावर न बसता कॉलेज बदलायची मुभा मिळाली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. तो शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण त्यानंतर एनसीएएचे पाय लटपटले ते कायमचेच. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींचे पैसे घ्यायची मोकळीक आली. यालाच एनआयएल म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने ‘दुसऱ्यांदा बदललं तर बसा’ हा नियमही थांबवला आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने तो काढूनच टाकला. अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला.

शेवटची मोठी पायरी जून २०२५ ची. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर. रुपयांत साधारण पावणेदोनशे कोटी. आयपीएलशी तुलना करायची तर २०२५ च्या हंगामात एका फ्रँचायझीची पर्स १२० कोटींची होती. मात्र इथली मर्यादा एका संघाची नसून विद्यापीठाच्या सगळ्या खेळांची मिळून आहे. मोठ्या ठिकाणी त्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉल खातो, उरल्यातला मोठा भाग पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, आणि पोहणाऱ्या मुली व कुस्तीवाले ताटातल्या चटणीवर भागवतात.

आता लिलाव का नाही, ते. लिलाव म्हणजे सगळ्या मालकांनी एकत्र बसून ‘इतक्यापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, आणि घेतलेला खेळाडू इतकी वर्षं हलायचा नाही’ असं ठरवणं. अमेरिकेच्या स्पर्धा कायद्यात हे सरळ संगनमत ठरतं. एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगला, ते चालतं, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे आणि पगाराची मर्यादा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड), बदल्या हे सगळं युनियनशी वाटाघाटी करून ठरतं. कॉलेजचे खेळाडू कायद्याने नोकर नाहीत, त्यांची युनियन नाही, त्यामुळे करार करायला समोर कोणीच नाही. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये युनियनच्या बाजूने मतदान केलं होतं, पण वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला. परिणाम असा की बदल्यांवर कुठलाही लगाम घाला, आठवडाभरात कोणीतरी वकील न्यायालयात उभा असतो. गेल्या पाच वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या नियमांपैकी किती टिकले ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

मग पैसा येतो कुठून? मोठ्या कॉन्फरन्समध्ये टीव्हीचा करार, तिकिटं आणि देणगीदार. टेनेसी विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरच केलं की २०२५ च्या सीझन तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लागेल. लोक कुरकुरले आणि तिकिटं घेतली. आमच्यासारख्यांकडे टीव्हीचा पैसा तुटपुंजा, त्यामुळे विद्यापीठाची मदत, विद्यार्थ्यांची फी, आणि ‘पैसे घ्या नि आमच्या मैदानावर हरायला या’ म्हणून मोठी कॉलेजं जे चेक देतात ते. सप्टेंबरात एखादा छोटा संघ ओहायो स्टेटकडून पन्नास गुणांनी हरताना दिसला तर हसू नका, त्याचं वर्षाचं अर्धं गणित त्या दुपारी सुटलेलं असतं.

खेळाडू महाग झाले म्हणून रडणारी हीच मंडळी कोचवर काय उधळतात, तेही बघा. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा ‘घरी बसा’ म्हणून द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या पुढे होती. त्यापुढे लेफ्ट टॅकलचा, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणाऱ्या धिप्पाड गड्याचा, पगार काय विचारता!

आता आमच्या कामाकडे येतो. इथे पहिला धडा मी चूक करून शिकलो. २०२३ च्या डिसेंबरात आम्हाला पोर्टलमधून चांगला क्वार्टरबॅक मिळण्यासारखा होता. देणगीदार खूश, कोच खूश, हाताशी होते ते पैसे त्याच्यावर लावले. आमचाच लेफ्ट टॅकल, तीन वर्षं आमच्याकडे वाढलेला पोरगा, त्याला ‘तुझं वसंतात बघू’ असं सांगितलं. त्याने वसंताची वाट बघितली नाही. ख्रिसमसनंतर चार दिवसांत तो एका मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेला. जाताना माझ्या केबिनमध्ये येऊन हात मिळवून गेला, हे जास्त लागलं. नवा क्वार्टरबॅक चौथ्या मॅचमध्ये डाव्या बाजूने आलेल्या माणसाखाली सापडला, खांदा गेला, हंगाम गेला. टॅकलला थांबवायला लागले असते ते पैसे क्वार्टरबॅकच्या रकमेच्या पावही नव्हते. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं, दुसरं काय!

तेव्हापासून आमची पद्धत उलटी झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम चालू असतानाच, जनरल मॅनेजर, पोझिशन कोच आणि मी बसतो. (हो, कॉलेज संघांना आता जनरल मॅनेजर असतो. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये एनएफएलचे माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक यांना नेमलं, तेव्हा बाकीच्यांनाही हे पद गंभीर वाटू लागलं.) पहिला प्रश्न एकच: कोण गेला तर आपण कोसळतो? उत्तरं बहुधा प्रेक्षकांना माहीत असलेली नावं नसतात. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारे, पोर्टलमध्ये ढिगाने मिळतात. धडधाकट, शिकवून तयार झालेला साडेसहा फुटी टॅकल मिळत नाही. बचावाच्या मध्यभागी उभा राहून बाकीच्या दहांना ओरडून जागा सांगणारा लाइनबॅकर मिळतो, पण त्याला आपली भाषा शिकायला एक हंगाम जातो. अशा सात-आठ जणांशी डिसेंबरच्या आत बोलणं संपवायचं, आकडा कागदावर द्यायचा, आणि मगच उरलेल्या पैशात बाहेर बघायचं.

किती द्यायचे? बाजारभाव सांगणारे एजंट खूप, पण माझा अनुभव असा की आमच्या पातळीवर मोठ्या कॉलेजशी पैशात बरोबरी करायला जाणं हा मूर्खपणा आहे. त्याला तिप्पट मिळत असतील तर तो जाणार, आणि जावा. आम्ही झगडतो ते दीडपटीच्या ऑफरशी. तिथे बाकीच्या गोष्टी तराजूत पडतात: सुरुवातीपासून खेळायला मिळणार का, कोच राहणार का, डिग्री कुठे वेळेत होणार. ॲश्टन जेंटी २०२४ मध्ये मोठ्या चार कॉन्फरन्सबाहेरच्या बॉइझी स्टेटमध्येच राहिला, हाइझमनच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या) मतदानात दुसरा आला आणि एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांत गेला. आम्ही हे उदाहरण इतक्या वेळा देतो की पोरं आता डोळे फिरवतात.

डिग्रीचं मात्र मी पोटतिडकीने सांगतो, कारण माझं मूळ काम ते. एनसीएएचा नियम असा की तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचे ४० टक्के, चौथ्याला ६० आणि पाचव्याला ८० टक्के क्रेडिट्स पूर्ण हवेत. कॉलेज बदललं की सगळी क्रेडिट्स नव्या डिग्रीला लागू पडतातच असं नाही. एका मुलाची आमच्याकडे येताना जवळजवळ एक सेमिस्टर वाया गेली, कारण त्याचा कोर्स आमच्याकडे शिकवलाच जात नव्हता. त्याला बिझनेस करायचं होतं, जागा बसत होती जनरल स्टडीजमध्ये. ट्रान्सफरची खिडकी उघडते तेव्हा पोरगा, आई आणि एजंट तिघं पैशाचं विचारतात. ट्रान्सक्रिप्टचं आई विचारते, तेही कधीतरी.

खिडकीवरून आठवलं. पूर्वी हिवाळ्यात एक आणि वसंतात एक अशा दोन खिडक्या होत्या. वसंतातली म्हणजे आमच्यासाठी आगीतून फुफाट्यात: हिवाळ्यात संघ उभा करायचा, दोन महिने सराव घ्यायचा, आणि एप्रिलमध्ये पुन्हा भगदाड. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालियावा नव्या पैशांच्या बोलण्यांच्या बातम्यांमध्ये सरावाला आला नाही. कोच जॉश ह्युपल यांनी त्याला सोडून पुढे जायचं ठरवलं. तो यूसीएलए विद्यापीठात गेला आणि यूसीएलएचा नुकताच आलेला जोई अगिलार टेनेसीला गेला, म्हणजे प्रत्यक्षात अदलाबदलच. त्या हंगामात यूसीएलए ३-९ (तीन विजय, नऊ पराभव), टेनेसी ८-५. यावरून मी कोण शहाणा ठरवणार नाही, दोन संघांत बाकीचा फरकही पुष्कळ होता. पण आमच्या कोचने तो किस्सा लॉकर रूममध्ये वापरला, हे खरं. २०२६ पासून वसंताची खिडकी बंद झाली आणि २ ते १६ जानेवारी एवढीच उरली. आमच्या दृष्टीने गेल्या पाच वर्षांतला हा सगळ्यात उपयोगी बदल. नवा कोच आला तर त्या संघापुरती वेगळी खिडकी उघडते, ती पळवाट राहिलीच.

दुसरा धडा वचनांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा लास वेगासचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका संघ ३-० असताना निघून गेला. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने ते मानलं नाही. खरं-खोटं बाजूला ठेवा. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की कुठल्याही असिस्टंट कोचने आकडा तोंडाने उच्चारायचा नाही. आकडा माझ्याकडून, लेखी, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. तारीख एकदाही चुकवायची नाही. पोरं एकमेकांना सगळं सांगतात. एकाचा हप्ता आठवडाभर लांबला की दुपारपर्यंत १०५ जणांना माहीत असतं.

आता करारांत बायआउटची कलमं यायला लागली आहेत, म्हणजे मुदतीआधी गेलास तर उरलेल्यातलं इतकं परत. ती न्यायालयात किती टिकतील ते राज्याचा कायदा आणि कराराचे शब्द यांवर आहे. माझं मत विचाराल तर बायआउटने पोरगा थांबत नाही, पण त्याला नेणारं कॉलेज दोन मिनिटं विचार करतं, आणि आम्हाला त्याच्या बदल्यात कोणी आणायला थोडे पैसे मिळतात. पोर्टलमध्ये नाव येण्याआधीच फूस लावणं नियमाने बंद आहे, पण हे काम एजंट, जुने मित्र आणि शाळेतले कोच करतात. विस्कॉन्सिनने जून २०२५ मध्ये याच कारणावरून मायामी विद्यापीठावर थेट खटला भरला. आमच्याकडे असले खटले लढायला पैसे नाहीत. आम्ही फक्त चिडतो.

आता वर म्हटलं तसं, सगळं परिस्थितीवर आहे. पैसा असेल तर ओहायो स्टेटसारखं करता येतं. २०२४ चा त्यांचा संघ सुमारे दोन कोटी डॉलरचा असल्याचं त्यांच्या ॲथलेटिक डायरेक्टरनेच सांगितलं होतं, आणि तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पण नुसती माणसं गोळा करून भागत नाही. कोलोरॅडोत कोच डिऑन सँडर्स यांनी २०२३ मध्ये पन्नासहून जास्त नवे खेळाडू आणले, पहिल्या तीन मॅचेस जिंकल्या, देशभर गाजावाजा झाला आणि हंगाम ४-८ वर संपला. बॉल फेकणारे नि पकडणारे होते, पुढे भिंत नव्हती.

उलट बाजूला इंडियाना बघा. २०२३ मध्ये ३-९. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले, येताना तिथले तेरा खेळाडू घेऊन आले. लोक हसले, लहान कॉन्फरन्सची पोरं बिग टेनमध्ये, म्हणजे मोठ्या चारांपैकी एकीत, काय करणार म्हणून. पण त्या तेरांना सिग्नेटींची पद्धत पाठ होती, त्यामुळे बाकीच्यांना शिकवणारे लॉकर रूममध्येच हजर होते. पहिल्या वर्षी ११-२. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातून (बर्कली) आलेला फर्नांडो मेंडोझा हाइझमन घेऊन गेला, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून १६-० असं राष्ट्रीय विजेतेपद. बदल्यांवर उभा राहिलेला संघच, पण माणसं निवडताना प्रसिद्धीऐवजी ‘किती मॅचेस खेळला, चुका किती केल्या’ एवढंच बघितलेलं.

माझ्या टेबलावरून मला जास्त कुतूहल जेम्स मॅडिसनचं वाटतं. कोच गेला, तेरा जण गेले. ते रडत बसले नाहीत. नवे कोच बॉब चेस्नी खालच्या पातळीवरून, होली क्रॉसहून आणले, पोर्टलमधून पुन्हा भरती केली, आणि २०२५ मध्ये ते थेट प्लेऑफमध्ये. मग चेस्नीही यूसीएलएला गेले. आमच्यासारख्यांचं जग हे असं आहे: आम्ही शिडीची मधली पायरी. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड इन्कार्नेट वर्ड विद्यापीठातून वॉशिंग्टन स्टेटला, तिथून मायामीला गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. दरवर्षी वरच्या पायरीला माणसं जाणार, हे मान्य केलं की मग खालच्या पायरीवरून वेळेत आणायची यंत्रणा लागते. आमचा एक माणूस आता वर्षभर फक्त खालच्या विभागांच्या मॅचेसचे व्हिडिओ बघतो. पगार त्याचा कमी आहे, पण मला विचाराल तर विभागातला सगळ्यात किफायतशीर खर्च तोच.

या सगळ्यात न पडणारेही आहेत. आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींच्या कॅडेटना असे पैसे घेता येत नाहीत आणि बाहेरून बदली करून खेळाडू येण्याची वाटही तिथे अरुंद. तरी आर्मीने २०२४ मध्ये कॉन्फरन्स जिंकली. तिथे पोरं बहुतेक टिकतात, चार वर्षं एकच पद्धत घोटतात, आणि ती पद्धतही अशी की समोरच्याला आठवड्याभरात तिची तयारी करता येत नाही. सगळ्यांना ते जमणार नाही, त्यासाठी आधी सैन्यात भरती व्हावं लागतं.

किंमत कोण मोजतं, हेही सांगायला हवं. तडजोडीनंतर फुटबॉलमध्ये १०५ ची मर्यादा आली. पूर्वी ८५ स्कॉलरशिप्स आणि वर पदरमोड करून खेळणारे तीस-चाळीस वॉक-ऑन असायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना जागा सोडावी लागली. आमच्याकडच्या अकरा जणांना मी स्वतः बोलावून सांगितलं. शिवाय पैसे हातात आले की कर येतो. ही पोरं नोकर नसल्याने कर कापून पगार मिळत नाही, हातात पूर्ण रक्कम येते आणि एप्रिलमध्ये सरकार दारात. पहिल्या वर्षी तिघांनी गाड्या घेतल्या आणि कराला पैसे उरले नाहीत. आता पहिला हप्ता द्यायच्या आधी दोन तासांचा वर्ग सक्तीचा, बाजूला ठेवायच्या रकमेसाठी वेगळं खातंही.

तुमचा पुतण्या विद्यार्थी व्हिसावर असेल आणि कॉलेजच्या एखाद्या संघात, समजा टेनिसमध्ये, खेळणार असेल, तर त्याने एक लक्षात ठेवावं: हे पैसे त्याच्यासाठी जवळपास बंद आहेत. एफ-१ व्हिसावर इथे कामाची मोकळी परवानगी नसते आणि एनआयएलचे करार कामातच मोजले जाण्याचा धोका असतो. कोणी टी-शर्टवर सही करायचे दोनशे डॉलर दिले तरी आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं, मग पेन उचलायचं.